बारा काळी जनावरं

शिक्केकाकांना स्वप्नं पडत नसत. उशीला डोकं टेकलं की ओंडका, तो थेट सकाळी दूधवाला कडी वाजवेपर्यंत. आणि तरी त्यांच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस आतल्या खोलीच्या भिंती बघून दोन पावलं मागे सरायचा. "काका, तुम्हाला झोप कशी लागते हो?" असं विचारायचा. भिंतींवर जनावरं होती. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं छापलेली, पोटं खपाटीला गेलेली, मान मोडल्यासारखी खाली घातलेली. एक घोडी होती, तिच्या पाठीवर खोगीर नव्हतं, आख्खं बंद घर होतं. लोकांना वाटायचं, काय एकेक भरलंय या माणसाच्या डोक्यात! काकांच्या डोक्यात काही भरलेलं नव्हतं. स्वप्नं त्यांच्या बायकोची असत, काकांचे नुसते हात. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं. त्यात काकांचा दोष किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. सांगणाऱ्याला विचाराल तर, बराच.

काकांचं दुकान नोंदणी कचेरीच्या समोरच्या ओळीत होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, दिव्याला जोडलेलं भिंग आणि मागे शिक्क्यांच्या लाकडी मुठींनी भरलेलं कपाट. 'मूळ प्रतीप्रमाणे', 'रद्द', 'पोचले', 'विलंब माफ'. सगळी अक्षरं उलटी कोरायची, तेव्हा कागदावर सुलटी उठतात. यंत्रावर शिक्के निघायला लागून बरीच वर्षं झाली होती, पण जुने हेडक्लार्क काकांच्याच हातचा शिक्का मागायचे. झिजायचा नाही म्हणून. उलटी अक्षरं काका झरझर वाचत. "सरळ लिहिलेलं मात्र यांना दोनदा वाचावं लागतं," असं बायको चिडवायची, आणि काका मान डोलवायचे. चेष्टा आपली आहे की दुसऱ्या कुणाची, याचा त्यांना पत्ता नसायचा.

बायकोला सगळी गल्ली मावशी म्हणायची, तेव्हा आपणही मावशीच म्हणू. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पाळणाघर होतं. सकाळी साडेआठला दाराशी अकरा जोड बूट लागायचे, बोटभर लांबीचे, आणि संध्याकाळी सहाला उचलले जायचे. मधल्या वेळात मावशीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. आतल्या खोलीतल्या जनावरांना पोरं घाबरतील म्हणून तिनं मधे जाड पडदा लावला होता. पोरं कसली घाबरतात! पडद्याखालून मुंडकी घालून ती घोडीला हाका मारायची. एका पोरीला तर त्या घोडीसमोर बसवल्याशिवाय घास जायचा नाही. पोरीची आई घ्यायला आली आणि तिनं हे बघितलं, तेव्हा बिचारीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

हे जनावरांचं सुरू कसं झालं, ते सांगायला मागे जावं लागेल. या दोघांना एक मुलगी होती. चार वर्षांची. एका गुरुवारी तिला ताप आला आणि शनिवारी ती नव्हती. इतकंच. यापेक्षा जास्त त्या घरात कुणी कधी बोललं नाही, मग इथे तरी कशाला लांबवा. काका त्यानंतर भिंतीकडे तोंड करून बसले ते दोन महिने. दुकानाला कुलूप. जेवायला वाढलं तर जेवायचे, आंघोळीला पाणी काढलं तर आंघोळ करायचे, पण तोंडातून ब्र नाही. मावशीनं मुलगीही गमावली आणि वर नवरा असा बसलेला. ती कुठे बसली असेल रडायला, कुणास ठाऊक.

एका सकाळी चहाचा कप काकांपुढे ठेवून ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मला एक कुत्री दिसली. रिकामं ताट चाटत होती. चाटून चाटून ताट इतकं पातळ झालं होतं की पलीकडचं दिसत होतं."

काका भिंतीकडेच बघत होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "कान उभे होते, का पडलेले?"

दोन महिन्यांतलं ते त्यांचं पहिलं वाक्य. मावशीनं नीट आठवून सांगितलं, "एक उभा, एक पडलेला." काका उठले. एका जुन्या दवाखान्याच्या जमिनीवरून उखडलेलं रबरासारखं लिनोलियम कुणीतरी दुकानात आणून टाकलं होतं, शिक्क्यांना चालेल म्हणून. त्याचा एक तुकडा ते घरी घेऊन आले आणि त्यावर त्यांनी कुत्री कोरली. चार दिवस लागले. लाटण्यासारख्या रबरी रुळानं शाई लावली, वर कागद ठेवला, चमच्याच्या पाठीनं घासला. कागद उचलला तेव्हा ती कुत्री दोघांकडे बघत होती. मग दोघं रडली. एकत्र, पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी दुकानाचं कुलूप निघालं.

तेव्हापासून त्या घरात दुःखाचं नाव काढायचं नाही, जनावर सांगायचं, असं ठरून गेलं. ठरवलं कुणीच नाही. मावशीला खरंच स्वप्नं पडत, आणि जनावरांचीच पडत. सकाळच्या चहाला ती सांगायची आणि काका विचारायचे. शेपूट आत घेतलेली का मोकळी? उभं होतं का टेकलेलं? उजेड कुठून येत होता? मावशी सगळ्याची उत्तरं द्यायची. मग इस्त्री गरम करून लिनोलियमच्या तुकड्यावर हलकेच फिरवायची, म्हणजे तो मऊ पडतो आणि कोरणी लोण्यात गेल्यासारखी जाते. हे काम तिचंच. अर्थ मात्र कुणी कुणाला विचारायचा नाही. सुरुवातीला विचारायची गरजच नव्हती, दोघांनाही माहीत असायचा. वीस वर्षं गेली आणि न विचारण्याची सवयच झाली. काका कान, शेपूट, खूर यांत इतके तरबेज झाले की जनावर आपल्याला काही सांगायला आलंय, हेच विसरले.

मग ग्रंथपाल आले. शिक्का करून घ्यायला आले होते, काकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं एक घुबड बघून तिथेच बसले. घरी येऊन त्यांनी सगळी जनावरं बघितली, आणि वाचनालयाच्या वरच्या दालनात प्रदर्शन भरवायचं म्हणाले. "पण नवी हवीत. एक मालिका करा. बारा करा, भिंतीवर बारा बरोबर बसतात."

काकांना आयुष्यात कुणी असं काही म्हटलं नव्हतं. त्यांच्या नावावर आजवर जमा होते ते दुसऱ्यांच्या नावाचे शिक्के. ते घरी आले ते तरंगतच. "बारा हवीत गं," ते मावशीला म्हणाले. "मिळतील ना?"

"न मिळायला काय झालं," मावशी म्हणाली. "जनावरांना काय तोटा आहे."

त्यानंतर पंधरा दिवसांनी, पाळणाघराच्या चादरींना कापड आणते असं सांगून मावशी एकटीच मोठ्या दवाखान्यात गेली. पोटात उजव्या बाजूला काही महिने दुखत होतं. पुन्हा तीनदा गेली. चौथ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं की गाठ आहे, वाईट आहे, पण वेळेत आलात. नवऱ्याला घेऊन या, लवकर काढून टाकू. मावशी घरी आली. कापड आणायचं ती विसरली होती. काकांनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी चहाला ती म्हणाली, "एक बगळी दिसली. अंडी उबवत बसली होती. पण खाली अंडं नव्हतं, दगड होता. आणि तो वाढत होता."

तिनं काकांकडे बघितलं. अशी ती एरवी बघत नसे. काकांनी पेन्सिल उचलली. "चोच मिटलेली?"

"मिटलेली," मावशी म्हणाली.

बगळी फार सुंदर झाली. काकांनी पांढरं इतकं थोडं ठेवलं होतं की ती अंधारातूनच कापून काढल्यासारखी दिसायची. ग्रंथपालांनी हात जोडले. पुढच्या आठवड्यात गाय आली, तिच्या कुशीला दार होतं आणि आतून उंदीर कुरतडत होते. मग एक कासवी, जिची पाठ आतल्या बाजूनं तडकली होती. पाचवी होती शेळी. पांढऱ्या लांबलचक ओट्यावर रांगेत उभी, तोंडात नंबराचं कार्ड धरलेलं, आणि मागेपुढे सगळ्या शेळ्या जोडीनं आलेल्या. हिच्या शेजारची जागा मोकळी. आता यापेक्षा सरळ कुणी काय सांगावं? दगडाला पाझर फुटला असता. काकांनी विचारलं, "शिंगं किती लांब?"

मावशीनं दोन बोटांत अंतर दाखवलं.

त्या दिवसांत ती बारीक होत गेली. शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, पोरांमागे धावून धावून. काकांनाही दिसत होतं, नाही असं नाही. एकदा ते म्हणाले, "तू जेवत नाहीस नीट," आणि तिच्या पानात भाकरीचा जास्तीचा तुकडा टाकून पुन्हा नखांमधली शाई काढत बसले. नवव्या चित्राच्या वेळी कोरणी घसरली. लांडगीचा कान गेला. एवढ्याशा कानासाठी त्यांनी सबंध तुकडा फेकून दिला आणि नव्यानं सुरुवात केली. तीन आठवडे त्यात गेले. तुकडा गरम करायला मावशी इस्त्री घेऊन बसायची, तेव्हा तिचा डावा हात कुशीवर असायचा.

बारावी अस्वली. गुहेचं तोंड ती आतल्या बाजूनं पाल्यानं बुजवत होती, बाहेरच्याला गारठा लागू नये म्हणून.

"बाहेर कोण होतं?" काकांनी विचारलं. चित्रात दाखवायचं का, एवढ्यासाठीच.

"ते दिसलं नाही," मावशी म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी मावशीची थोरली बहीण आली, एसटीनं, सकाळच्या गाडीनं. ताई सगळं आयुष्य बायकांच्या वॉर्डात नर्स होती. बोलणं तुटक, चालणं ताठ, डोळ्यांतून काही सुटायचं नाही. मावशी म्हणाली, मला जिने चढवत नाहीत आज, तू बघून ये. काकांना ते चमत्कारिक वाटलं. नाराजीच वाटली, खरं सांगायचं तर. नवा सदरा घालून ते ताईला घेऊन वाचनालयात गेले.

वर गर्दी होती. लोक काकांना हार घालण्याच्या बेतात होते. ताई पहिल्या चित्रापाशी उभी राहिली, मग दुसऱ्या. सहाव्यापाशी ती चष्मा पुसायला लागली. बाराव्यापाशी पोचली आणि मागे वळून परत पहिल्याकडे गेली. मग भिंतीजवळच्या बाकावर बसली आणि तिनं काकांना हातानं बोलावलं.

"भाऊजी, हिला दवाखान्यात कधी नेलं होतंत?"

"कुणाला?" काका म्हणाले.

ताईनं त्यांच्याकडे असं बघितलं की शेजारी उभे असलेले ग्रंथपाल बाजूला झाले. "कुणाला काय? ही बारा चित्रं कुणाची आहेत? पोटात दगड, कुशीत उंदीर, रांगेत एकटी. माझ्यासारखी बाई पाच मिनिटांत वाचते, आणि तुम्ही पाच महिने हिच्यासमोर बसून काय कोरत होतात?"

काकांनी भिंतीकडे बघितलं. आपल्याच हातची बारा जनावरं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. एकही अनोळखी नव्हतं. बारापैकी प्रत्येकीची मान मावशीसारखी वळलेली होती, आणि ती त्यांनी स्वतः कोरली होती, भिंग लावून. हार घेऊन येणाऱ्या बाईंना ओलांडून ते जिना उतरले आणि नव्या सदऱ्यानिशी घरापर्यंत पळत गेले. साठीचा माणूस रस्त्यानं पळताना बरा दिसत नाही. लोक थांबून बघत होते.

मावशी पुढच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. काका दारात धापा टाकत उभे राहिले. इतक्या वर्षांत सरळ विचारायची सवयच गेली होती. शेवटी म्हणाले, "तुला काय होतंय?"

मावशीनं घडी पुरी केली. "बसा आधी," ती म्हणाली. "पाणी देते." आणि मग तिनं सांगितलं. साध्या शब्दांत, गाठ कुठे आहे आणि कुणी काय म्हटलं. सांगायला चहाच्या एका कपाइतकाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी जुना कागद काढला. त्यावर निळ्या शाईत शिक्का होता, 'नातेवाईकासह हजर राहावे'. शिक्का काकांच्याच दुकानातला होता. नव्या तपासण्या झाल्या. बाई फार सांभाळून बोलल्या, पण ताई नर्स होती, तिच्यापुढे सांभाळून बोलण्याला अर्थ नव्हता. "आता कापून उपयोग नाही, असंच ना?" तिनं विचारलं. बाईंनी मान हलवली. दोन महिन्यांपूर्वी कदाचित करता आलं असतं, म्हणाल्या. काका बोटांवर काहीतरी मोजत होते. दोन महिन्यांपूर्वी नववं चालू होतं. लांडगीचा कान.

मावशी त्यानंतर नऊ आठवडे होती. पाळणाघर बंद झालं, अकरा घरांनी आपापली सोय बघितली. तिची खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी आणली. काकांनी दुकान एका ओळखीच्याच्या हवाली केलं आणि घरी बसले. पण भिंतीकडे तोंड करून नाही. या वेळी ते तिच्याकडे तोंड करून बसले, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. भात मऊ करायला शिकले. तिचे केस विंचरायला शिकले, कोरणी धरतात तशी फणी धरून. ती ओरडायची, "अहो, मी लिनोलियम आहे का?" आणि दोघं हसायची. दुखायला लागलं की ती आता सरळ म्हणायची, दुखतंय. काका औषध द्यायचे. जनावर सांगायची वेळच येत नव्हती.

एका दुपारी ताई औषधं आणायला बाहेर गेली होती. काका इतके दिवस गिळून बसले होते ते त्यांच्या तोंडून निघालं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की."

"तसं नाही. असं, सरळ. माझं डोकं नाही चाललं, मी गाढव, मान्य आहे. पण एकदा हात धरून सांगायचंस. ऐक म्हणायचंस."

मावशी खिडकीतून बाहेर बघत होती. समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेले कपडे गोळा करत होतं. "तिसऱ्या-चौथ्यापर्यंत वाटत होतं, कळेल तुम्हाला," ती म्हणाली. "शेळीच्या वेळी तर खात्रीच होती. मग म्हटलं, नाही कळत. आता सांगून टाकावं. त्याच दिवशी सांगणार होते, इस्त्री लावली होती मी, तुम्ही आत कोरत होतात."

"मग?"

"तुम्ही शीळ घालत होतात."

काकांना कळलं नाही. आपण शीळ घालतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

"पोरगी असताना घालायचात," मावशी म्हणाली. "तिला झोपवताना. त्यानंतर कधी ऐकली नव्हती मी. वीस वर्षं. म्हटलं, आज नको. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज इस्त्री लावायची, दाराशी यायची आणि ऐकत उभी राहायची. मला मोडवेना हो. वाटलं, बारा होऊ देत यांची, मग काय ते बघू."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. हिशेब दिल्यासारखंही नाही. आपण एक बरी गोष्ट ऐकली ती आता ज्याची त्याला सांगावी, तशी सांगत होती. काकांनी खाटेच्या कडेवर डोकं ठेवलं. त्यांच्या खांद्यांना असे गचके बसत होते की खाट हलत होती, आणि हलली की तिला दुखत होतं.

मावशीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "उगी," ती म्हणाली. "उगी, छान झाली होती सगळी. खरंच छान झाली होती." ताई परत येईपर्यंत ती त्यांची समजूत काढत होती.